दादांची पुढची तारीख

१० मार्च

ही वही खाजगी आहे. कुणी उघडू नये. (सत्यभामा, विशेषतः तू.)

आजपासून अभ्यास. विषय पक्का ठरला: वकिलीच्या प्रवेशाची सीईटी. तीन वर्षांचा एलएलबी, वयाची अट नाही, कोणतीही डिग्री चालते. माझ्याकडे बी.ए. आहे, इतिहास घेऊन. म्हणजे अर्धा वकील झाल्यातच जमा.

कारण लिहून ठेवतो. पुढे कंटाळा आला की वाचता येईल.

दादा, म्हणजे माझे वडील, फेब्रुवारीत गेले. दहाव्याला नदीत पिंड ठेवला. नदीत म्हणजे वाळूत. पाणी दिवाळीपासूनच नाही. कावळा काही शिवेना. शिवेना म्हणजे आधी दिसेचना. या दुष्काळात कावळ्यांनीसुद्धा गाव सोडलंय. ऊन डोक्यावर आलं, पोरंठोरं भुकेली झाली, तेव्हा कुठून तरी एक आला आणि जुन्या पंपहाऊसच्या पत्र्यावर बसला. पिंडाकडे बघायचा, पण खाली उतरायचा नाही. मयताची इच्छा राहिली की असंच होतं.

मग एकेकाने शब्द द्यायला सुरुवात केली. तात्याबा चुलते म्हणाले, "सुंदरराव, बांधाचं भांडान मिटिवतो." कावळा ढिम्म. दूध संस्थेचे डायरेक्टर म्हणाले, "चेरमन, संस्था बंद पडू देत न्हाई." कावळ्याने पाठ फिरवली. बायका लांब बाभळीखाली बसल्या होत्या. आई तोंडाला पदर लावून काहीतरी पुटपुटत होती, रडत असावी. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकुलता एक मी. पुढे झालो, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "दादा, मी वकील होतो!"

शब्द तोंडातून निघायचा अवकाश, कावळा सरळ खाली आला आणि पिंडात चोच घातली.

सगळ्यांच्या अंगावर काटा आला. तात्याबांनी मला मिठी मारली. आता मागे फिरणं नाही. मी वकील झालो नाही तर दादांना गती नाही. ते अडकून राहणार, आणि माझ्यामुळे.

११ मार्च

वकीलच का, तेही लिहून ठेवावं.

दादांनी गावात सहकारी दूध संस्था काढली. मरेपर्यंत तेच चेअरमन. संस्थेच्या जागेवर एकाने दावा लावला आणि तेव्हापासून दादांची बीडची वारी सुरू झाली. सकाळच्या गाडीने जायचे, दिवेलागणीला यायचे, टोपी खुंटीला लावायचे. आई विचारायची, काय झालं? दादा म्हणायचे, "पुढची तारीख." मग पाणी पिऊन झालं की भिंतीकडे बघत म्हणायचे, "घरात एक वकील पायजे हुता."

भिंतीकडे बघत, माझ्याकडे नाही. हे माझ्या आत्ता लक्षात येतंय. त्या काळात मी पोलीस भरतीची तयारी करत होतो. त्याआधी तलाठी. त्याआधी मधमाशीपालन, पण त्यात माश्यांचाही दोष होता.

आज वेळापत्रक केलं. चार रंगांचे स्केचपेन. कायदा लाल, इंग्रजी निळा, जनरल नॉलेज हिरवा, रिझनिंग काळा. दिवस त्यातच गेला, पण पाया पक्का हवा.

१५ मार्च, पहाटे

चारचा गजर लावला होता. गजराआधी जाग आली, कारण गोठ्यात दादा खोकले.

तोच खोकला. दोन बारके, एक मोठा, मग घसा साफ करणं. मी उठून दारापर्यंत गेलो. तिथूनच परत फिरलो. माझी बायको सत्यभामा म्हणाली, "गाय खोकली आसंल." मी म्हणालो, गाय घसा साफ करत नाही. ती म्हणाली, मग अभ्यासाला बसा, उठलाच हाव तर. मी म्हणालो, अशा मनःस्थितीत वाचलेलं डोक्यात राहत नाही. हे शास्त्र आहे.

उद्यापासून पाच वाजता.

२२ मार्च

चारा छावणी सुरू झाली. आमच्या दूध संस्थेनेच चालवायला घेतलीय, आणि संस्थेचा सेक्रेटरी मी. गावाबाहेर माळावर हिरवी जाळी टाकून रांगा केल्यात. जनावरं दावणीला, आणि प्रत्येक घरचं एक माणूस जनावरांपाशी मुक्कामाला. आमच्या घरची आई गेली. मी म्हणालो होतो, मी जातो. आई म्हणाली, "तू न्हको, तुला सरडा दिसला तरी भ्या वाटतं."

मला तिथे टेबल-खुर्ची मिळाली. जनावरं मोजायची, चारा वाटपावर लक्ष ठेवायचं. मधला सगळा वेळ मोकळा. शांतता, सावली, शेणाचा वास सोडला तर लायब्ररीच. पुस्तकं इथेच आणली. आता अभ्यास रॉकेटसारखा सुटणार.

शेजारच्या दावणीला सुग्रीव आहे, माझा शाळेतला मित्र. म्हशी आणि शेळ्या घेऊन आलाय. पुस्तकाची जाडी बघून म्हणाला, "पंड्या, बे, हे वाचायचं हाय का जनावराला टाकायचं?" अडाण्यांच्या तोंडाला लागू नये.

२६ मार्च

दादा आलेत.

 दुपारी कायद्याचं पुस्तक उघडलं. कंटाळा आला म्हणून मिटवलं. डोक्यावर कावळा ओरडला. जाळी तोलणाऱ्या लाकडी बल्लीवर बसला होता. मी पुस्तक उघडलं, गप्प बसला. मिटवलं, ओरडला. तीनदा करून बघितलं.

मग तो हौदापाशी पाणी प्यायला उतरला, आणि मला दिसलं. डाव्या पायाने लंगडत होता. दादा कोर्टाच्या पायऱ्यांवरून पडले तेव्हापासून डाव्या पायानेच लंगडायचे.

नदीतला कावळा लंगडत होता का? तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. पण आता आठवतंय, लंगडतच होता.

सुग्रीवला सांगितलं. तो म्हणाला, "आबे, कडब्याच्या पेंढ्याला नायलॉनची दोरी आसती. ती पायात गुतती त्यांच्या. हितलं निम्मं कावळं लंगडं हाय." मी पुस्तकात डोकं घातलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

२७ मार्च

सुग्रीवच्या म्हणण्यात तथ्य आहे का म्हणून सकाळभर कावळे बघितले. लंगडे आणखी आहेत. पण माझ्याकडे एकच बघतो.

अभ्यास: निरंक. संशोधनात वेळ गेला.

२ एप्रिल

आज कायद्याची गोडी लागली. कराराचं प्रकरण वाचलं. एकाने प्रस्ताव ठेवायचा, दुसऱ्याने स्वीकारायचा, दोन्हीकडून देणं-घेणं पाहिजे. मला एकदम लख्ख दिसलं. प्रस्ताव माझा: वकील होतो. स्वीकार: चोच. घेणं-देणं: माझी सनद, त्यांची गती. साक्षीदार अख्खा गाव. सुप्रीम कोर्टातही टिकेल असा करार करून बसलोय मी.

दुपारी आणखी वाचलं. करार करायला दोन्ही पक्ष सज्ञान पाहिजेत, शुद्धीवर पाहिजेत. आणि, हे पुस्तकात लिहिलेलं नाही पण उघड आहे, हयात पाहिजेत. दादा हयात नाहीत. करार रद्द! मी खुर्चीतून उठून आळस दिला. वर बघितलं तर बल्ली रिकामी. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. आईकडून ताक मागून प्यालो आणि टेबलावर डोकं टेकून जरा पडलो.

स्वप्नात दादा आले. टोपी हातात. समोर उभे राहिले, रागावले नव्हते, नुसते दमलेले होते. म्हणाले, "पुढची तारीख?"

दचकून उठलो.  समोर हौदाच्या कडेवर तो बसला होता.

६ एप्रिल, पाडवा

तडजोड करायचं ठरवलं. मोठे वकीलसुद्धा कोर्टाबाहेर मिटवतात.

सत्यभामाने पोळ्या पाठवल्या होत्या. एक पोळी, वर तूप, पत्र्याच्या तुकड्यावर ठेवली. आसपास कुणी नाही बघून हात जोडले आणि म्हणालो, दादा, वकील होणं मोठी गोष्ट आहे. माझं वय बघा, संसार बघा, संस्था बघा. परीक्षेला बसतो, एवढ्यावर मिटवू. मान्य असेल तर एक घास घ्या.

तो आला. पोळीभोवती फिरला. माझ्याकडे मान वाकडी करून बघितलं. गेला.

सुग्रीव म्हशीच्या आडून सगळं बघत होता, हे मला मागून कळलं. तो म्हणाला, "त्यो सकाळपासून पेंड खातोय. पोट फुटाय आलंय त्याचं. तुझी पोळी कावून खाईल?" आणि पोळी उचलून स्वतः खाल्ली. दादांचा नैवेद्य! मला त्याच्या पुढच्या जन्माची काळजी वाटते.

थोडक्यात, प्रस्ताव फेटाळला गेला. वकीलच व्हावं लागणार.

१९ एप्रिल

मोबाईलवर सराव परीक्षा दिली. दीडशेपैकी छत्तीस. पहिल्या प्रयत्नाच्या मानाने आशादायक. निगेटिव्ह मार्किंग नाही, हे या परीक्षेचं सौंदर्य आहे.

सत्यभामा म्हणाली, "समद्या प्रश्नाला डोळं झाकून 'क' लिवलं आसतं तरी एवढं पडलं आसतं." मी म्हणालो, तुला त्यातलं काय कळतंय. नंतर हिशेब केला. 'क' लिहिलं असतं तर चाळीस पडले असते.

३ मे

ऊन असं आहे की डोळे उघडले तरी बुबुळं भाजतात. टँकर दोन दिवस आला नाही. दुधाचे कॅन निम्मे येतात. सकाळी फॅट बघायला संस्थेत गेलो. बसायला जागा नव्हती म्हणून दादांच्या खुर्चीत बसलो. ती कुईं करून वाजली. दादा बसायचे तेव्हाच वाजायची, मी बसल्यावर कधी वाजली नव्हती. पटकन उठलो आणि सॉरी म्हणालो. दूध घालायला आलेल्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या.

छावणीत आईने ग्लासभर दूध दिलं. म्हणाली, "कावून वाळायला लागलास रं?" मी म्हणालो, दादांसाठी वाळतोय. तिने हात पदराला पुसले. मग शेजारी बसली आणि म्हणाली, "पंडित, तुला येक सांगायचं हाय. त्या दिशी नदीत..."

मी तिथेच थांबवलं. म्हणालो, आई, त्या दिवसाची आठवण काढू नको, माझं मन सैरभैर होतं. जे काय असेल ते परीक्षा झाल्यावर. म्हाताऱ्या माणसांना वेळेचं महत्त्व नसतं.

९ मे

नवीन पद्धत. रोज संध्याकाळी कावळ्याला रिपोर्ट द्यायचा. म्हणजे धाक राहतो.

आज म्हणालो, दादा, दहा पानं झाली. तो जोरात ओरडला. म्हणालो, बरं, सात. पुन्हा ओरडला. चार म्हणालो तेव्हा गप्प बसला. चारच झाली होती. चित्रं धरून.

१६ मे

टँकरच्या रांगेत दादांची टोपी दिसली. त्यांची टोपी मागे जरा चेपलेली असायची, तशीच. मी घागर सोडून धावत गेलो. खांद्याला हात लावला. दुसऱ्याच गावचा म्हातारा निघाला. म्हणाला, "काय पायजे, बाळा?" मी परत फिरलो. रांगेतला नंबर गेला. सत्यभामा दिवसभर बोलली नाही.

मी वेडा झालेलो नाही. वेड्याला आपण वेडे झालोय हे कळत नाही, आणि मला शंका येतेय, म्हणजे मी शहाणा आहे. हा रिझनिंगचा प्रश्न म्हणून येऊ शकतो.

पण एक खरं लिहितो, वही माझीच आहे. मला भीती वाटते. परीक्षेची नाही. दादा जिवंत होते तेव्हा मी त्यांच्या मनासारखं काहीच केलं नाही. आता ते गेल्यावरही मी त्यांना ऊन-वाऱ्यात बल्लीवर बसवून ठेवलंय, पेंडीचे तुकडे खात. चेअरमन होते ते.

२२ मे

हॉलतिकीट आलं. सेंटर बीड, एक इंजिनिअरिंग कॉलेज. दोन जून.

तालुक्याला, वडवणीत, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली. फोटो बघितला. तो माझा नव्हता. दादांचा होता. तेच कान, तोच डावीकडे उतरलेला ओठ. दुकानदाराला विचारलं, हा मीच आहे का? तो म्हणाला, "मला काय इचारता सायेब?"

आईला दाखवला. तिने फोटोवरून बोट फिरवलं आणि डोळे पुसले. म्हणाली, "पंडित, आइक की जरा. लई दिस झालं मनात हाय..." मी म्हणालो, अकरा दिवस राहिलेत आई, रिव्हिजनची वेळ आहे. आणि टेबलाकडे गेलो. टेबलाशी बसून फोटोच बघत राहिलो.

१ जून

उद्या परीक्षा. तयारीचा प्रामाणिक आढावा.

कायदा: करार झाला. बाकीचं करारावरून काढता येईल. जनरल नॉलेज: राष्ट्रपती चौथ्यापर्यंत पाठ. इंग्रजी: पूर्वीपासून बरं आहे. रिझनिंग: सुग्रीवच्या शेळीने त्यातली पंधरा-वीस पानं खाल्ली, त्यामुळे तो भाग ऑप्शनला. एकंदर समाधानकारक.

संध्याकाळी शेवटचा रिपोर्ट दिला. म्हणालो, दादा, उद्या तारीख आहे. तो एका पायावर उभा होता, दुसरा पोटाशी धरलेला. काही ओरडला नाही. मला वाटतं त्याने आशीर्वाद दिला.

२ जून, रात्री

सगळं जसं झालं तसं लिहितो.

सकाळच्या गाडीने निघालो, दादा जायचे त्याच. खिडकीजवळ बसलो, ते बसायचे तसा. त्यांची टोपी खिशात घेतली होती, धीर म्हणून. कंडक्टरने विचारलं, कोर्टाचं काम का? मी हो म्हणालो. खोटं नव्हतं.

गेटवर झडती. टोपी काढून घेतली, बाहेर चपलांशेजारी ठेवायला लावली. सगळी पोरं विशीतली. एका पोरीने मला "सर, बसायची व्यवस्था कुठंय?" असं विचारलं. मला सुपरवायझर समजली. चांगलं लक्षण मानलं.

कॉम्प्युटर सुरू झाला. एसी होता, पहिल्यांदाच जरा गार वाटलं. पहिले प्रश्न बरे गेले. दोन तर खात्रीने बरोबर. मग खिडकीबाहेर, एसीच्या डब्यावर, एक कावळा येऊन बसला.

मी स्क्रीनकडे बघायचा प्रयत्न केला. प्रामाणिकपणे केला. पण मला एवढंच बघायचं होतं की तो लंगडतो की नाही. तो बसूनच राहिला. मी वाट बघत राहिलो. एक प्रश्न, एक नजर. एक प्रश्न, दोन नजरा. नंतर प्रश्न कुठला हेही कळेना. शेवटी तो उठला आणि डब्यावर चालला. दोन्ही पायांनी. सरळ.

आता हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.  हे दादा नाहीत, तर दादा कुठेत? आज तारीख असताना ते आले का नाहीत? की त्यांना आधीच माहीत होतं, याचं काही होणार नाही म्हणून? मी स्क्रीनवर काय दाबत होतो आठवत नाही. खांद्यावर हात पडला. सुपरवायझर म्हणाला, "काका, उठा. टाइम संपून गेला, सबमिट झालं ते." काका!

निम्म्याच्या वर प्रश्न मी उघडलेसुद्धा नव्हते. डोळे झाकून 'क' दाबायलाही वेळ मिळाला नाही.

बाहेर आलो. चपला होत्या. टोपी नव्हती. दोन चकरा मारून शोधली. वॉचमन म्हणाला, झाडणारी बाई कचरा समजून घेऊन गेली असेल.

पेपर सिलॅबसबाहेरचा होता. हे मी घरी सगळ्यांना सांगितलंय.

३ जून

सकाळी छावणीत गेलो. आई दावण झाडत होती. मी म्हणालो, आई, बस जरा. ती बसली. मी म्हणालो, मी वकील होत नाही. पुढेही होणार नाही. दादा माझ्या शब्दावर शिवले आणि माझ्यामुळेच अडकले. त्यांना इथे पेंड खात फिरावं लागतंय. टोपीसुद्धा घालवली मी त्यांची.  एवढ्या माणसांत, म्हशींच्या समोर, मी रडलो.

आईने माझं तोंड पदराने पुसलं. पदराला शेण होतं. म्हणाली, "आरं येड्या, तुझ्या बोलन्यानं शिवलाच न्हवता कावळा."

मी विचारलं, म्हणजे?

ती म्हणाली, "तुझा बाप जाताना येकच बोलला. पंडितचं कसं व्हायचं, म्हणला. ना कोर्टाचं बोलला, ना संस्थेचं. मला ठावं हुतं त्येंचा जीव कशात गुतलाय. म्हून म्या बाभळीखाली बसून म्हणलं, आवं, पंडितची आस सोडा आता. त्याच्याच्यानं काय बी व्हायाचं न्हाई. जसा हाय तसा हाय, म्या सांभाळते, सत्यभामा हाय. तुमी बिनघोर जावा. आसं म्हणलं आन् त्यो उतरला बघ. तू त्याच टायमाला वरडलास."

मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "दोनदा आलते. तू आयकतूस व्हय? आन् म्हणलं, पोरगा पयल्यांदाच कायतरी धरून बसलाय. बसू द्यावं."

मग ती उठून दावण झाडायला लागली. तिला वाटलं तिने माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. उतरवलंही.

दुपारी टेबलाशी बसून सगळा मामला पुन्हा तपासला. करार होता, पण मी त्यात पक्षकारच नव्हतो. आईने माझ्या वतीने दावा मागे घेतला आणि दादांनी तो लगेच मान्य केला. एक तारीखही पडली नाही. आयुष्यभर ज्यांनी जागेचा एक कोपरा सोडला नाही, त्यांनी मला एका वाक्यात सोडलं.

म्हणजे दादा फेब्रुवारीतच सुटले. गोठ्यात कुणी खोकलं नव्हतं. बल्लीवर कुणी बसलेलं नव्हतं. एवढे महिने मी भीत होतो खरा, पण रोज संध्याकाळी दादांशी बोलत होतो. ते होते तेव्हा एवढं कधी बोललो नव्हतो. मी आता कायद्याने पूर्ण मोकळा आहे, आणि मला मोकळं व्हायचं नव्हतं.

४ जून

सुग्रीवने सकाळी हाक मारली. त्याने धोतराचं फडकं टाकून लंगडा कावळा धरला होता. डाव्या पायात खरंच निळी नायलॉनची दोरी गुंतलेली, मांसात रुतलेली. मला म्हणाला, "धर नीट, तुझा बाप हाय न्हव का?" पण हसला नाही. मी धरला. फार हलका होता. सुग्रीवने विळ्याच्या टोकाने दोरी कापली. मी हात सोडले. तो हौदाच्या कडेवर बसला, पाय दोनदा टेकवून बघितला, पाणी प्यायला.

सुग्रीव म्हशीकडे गेल्यावर मी हळूच म्हणालो, दादा, पुढच्या वर्षी परत बसतो. पुढची तारीख मार्चमध्ये कळेल.

तो उडाला. तलाव कोरडा आहे त्या बाजूला गेला, लांब, ठिपका होईपर्यंत.

मी टेबलाशी येऊन बसलो. कायद्याचं पुस्तक उघडलं. थोडा वेळ थांबलो आणि मुद्दाम मिटवलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटवलं.

कुणी ओरडलं नाही.